पंप वाढवण्याआधी हवेचा हिशेब

विदर्भात दिवाळीच्या आगेमागे कापूस आणि सोयाबीन बाजारात येऊ लागले, की जुन्या ट्रकच्या मालकांची डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानांत ये-जा वाढते. भाडे भरपूर असते, गाडी मात्र चढावर ओढत नाही, आणि अशा वेळी मिस्त्रीला बहुधा एकच काम सांगितले जाते, ते म्हणजे पंप थोडा वाढवून देण्याचे, अर्थात पंपातून इंजिनाला जाणारे डिझेल वाढवण्याचे. सील तोडून एक स्क्रू फिरवला की गाडीला पिकअप येतो आणि मालक समाधानाने घरी जातो. पुढच्या उन्हाळ्यात इंजिन खोलावे लागते, तेव्हा त्या स्क्रूची आठवणही कोणाला राहिलेली नसते. तो स्क्रू फिरवल्याने नेमके काय होते, तो केव्हा फिरवू नये आणि ताकद खरोखरच हवी असेल तर कोणत्या क्रमाने कामाला लागावे, हे येथे मांडले आहे. विवेचन मुख्यतः यांत्रिक पंप असलेल्या, म्हणजे २०१७ मध्ये प्रदूषणाची बीएस-४ मानके देशभर लागू होण्यापूर्वीच्या जुन्या ट्रकांविषयी आहे; कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी असून तिचा विचार शेवटी केला आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून बारीक फवारलेले डिझेल त्या उष्णतेने आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की हवेचा मार्ग उघडतो. या डिझेल इंजिनांत हवेच्या मार्गावर असा पडदाच नसतो. इंजिन प्रत्येक वेळी मावेल तेवढी हवा ओढून घेतेच, आणि ॲक्सिलरेटर ठरवतो तो फक्त डिझेलचा वाटा. त्यामुळे पंपातून जास्त डिझेल सोडले की ताकद वाढते, हा मिस्त्री-मालकांचा अनुभव खराच आहे. मात्र त्या वाढीला मर्यादा आहे आणि ती मर्यादा पंपात नसून हवेत आहे.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी साधारण साडेचौदा किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचे तर एका लिटर डिझेलला सुमारे १२ किलो, म्हणजे जवळजवळ १०,००० लिटर हवा लागते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात पिस्टन वरून खाली यायला एका सेकंदाचा जेमतेम ऐंशीवा भाग लागतो, आणि डिझेल जळायला मिळणारा वेळ त्याहूनही थोडा असतो. एवढ्या अवधीत डिझेलचा प्रत्येक कण आणि हवेचा प्रत्येक कण एकमेकांना भेटू शकत नाहीत. म्हणून हवा हिशेबापेक्षा बरीच जास्त असावी लागते. साधारणपणे एका किलोला वीस किलोच्या खाली हवा गेली की जुन्या इंजिनातून काळा धूर दिसू लागतो.

आता हाच हिशेब आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या टाटाच्या ६९७ इंजिनाला लावून पाहू. या इंजिनाला सहा सिलिंडर असून बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९७ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, १२८ मिलिमीटर आहे, म्हणजे एका सिलिंडरची जागा ९४६ सीसी भरते. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, नसताना एका वेळी त्यात सुमारे ०.९ ग्रॅम हवा शिरते. वीसास एक या प्रमाणाने तिला पुरेल असे डिझेल ४५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५० घन मिलिमीटर होते. पाण्याचा एक थेंब साधारण एवढाच असतो. पूर्ण भाराने चढणाऱ्या ट्रकच्या प्रत्येक सिलिंडरला प्रत्येक खेपेला असा एक थेंब मोजून द्यायचा, आणि सहाही सिलिंडरना सारखाच द्यायचा, हे पंपाचे काम आहे. त्यात दहा टक्के वाढ करायची म्हणजे त्या थेंबात पाच घन मिलिमीटर मिळवायचे. डोळ्यांनी धूर पाहून, कानांनी आवाज ऐकून आणि हाताने स्क्रू फिरवून इतके बारीक माप साधता येत नाही. ज्यांना साधले असे वाटते, त्यांनी बहुधा नंतर मोजून पाहिलेले नसते.

विदर्भातल्या गाड्यांच्या बाबतीत हा हिशेब अधिकच काटेकोरपणे करावा लागतो, कारण आपल्याकडची हवा वर्षभर सारखी नसते. हवा तापली की विरळ होते. डिसेंबरमधल्या सकाळी पारा १५ अंशांवर असताना सिलिंडरमध्ये जितकी हवा भरते, तिच्यापेक्षा मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत ती नऊ टक्क्यांहून अधिक कमी भरते. चंद्रपूर, वर्धा, अकोला या भागांत असे तापमान दर उन्हाळ्यात असते. म्हणजे थंडीत, ऐन हंगामात, धूर दिसेल-न-दिसेल अशा काठावर आणून ठेवलेला पंप मे महिन्यात जास्त डिझेल देणारा ठरतो, जरी त्याचा स्क्रू कोणी हलवलेला नसला तरी. उंचीचाही असाच परिणाम होतो. परतवाड्याहून सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला चढेपर्यंत हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी उतरतो. वरचा गारवा त्यातले थोडे भरून काढतो, सगळे नाही. टर्बो असलेल्या इंजिनाला हा फरक कमी जाणवतो, पण त्यालाही बाहेरची हवाच ओढायची असल्याने तो पूर्णपणे टळत नाही.

उन्हाळ्याचा दुसरा फटका रेडिएटरला बसतो. जळणाऱ्या डिझेलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून निघून जातो आणि उरलेल्यातला मोठा भाग पाण्यावाटे रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. रेडिएटरची क्षमता पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर हा फरक ६५ अंशांचा असतो. हवा ४६ अंशांवर गेली की तो ४९ वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर पाऊण क्षमतेनेच काम करतो. त्यात जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत रुईचे तूस आणि शेतातून माल भरणाऱ्या गाडीच्या जाळीत कुटार अडकलेले असते. अशा अवस्थेत वाढवलेल्या डिझेलची जादा उष्णता जाणार कोठे, हा प्रश्न पंप वाढवण्याआधीच विचारायला हवा.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. गाडी काळा धूर सोडत चढते तेव्हा पंप जोरात आहे असे अभिमानाने सांगितले जाते. वस्तुतः तो धूर मालकाच्या पैशाचा असतो आणि त्यातून चाकांना काहीही मिळत नाही. धुराबरोबर काजळी इंजिन ऑईलमध्ये उतरते आणि ऑईल दाट होते. न जळालेले डिझेल लायनरवरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तरावरचा, ऑईलचा थर धुऊन टाकते, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा आणि लायनर घासतात, आणि तेच डिझेल खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरून ऑईल पातळ करते. सर्वांत मोठा धोका मात्र उष्णतेचा आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याचे मिश्रधातू त्याआधीच मऊ पडू लागतात. जळणारा वायू याच्या कितीतरी पट तापलेला असूनही पिस्टन टिकतो, तो केवळ ऑईल, पाणी आणि प्रत्येक वेळी येणारी ताजी हवा त्याला सतत निववत असतात म्हणून. डिझेल हवेच्या मानाने जास्त झाले, की ते उशिरापर्यंत जळत राहते, निवण्याला वेळ उरत नाही आणि पिस्टनच्या माथ्यावर खड्डा पडण्यास सुरुवात होते. लांबलचक चढावर, पूर्ण भाराने, कमी फेऱ्यांत गाडी ओढत असताना हे सर्वाधिक घडते. बुलढाण्याजवळचा राजूर घाट चढणाऱ्या भरलेल्या गाडीची अवस्था नेमकी अशीच असते.

माझे ठाम मत असे आहे, की जुन्या ट्रकच्या बाबतीत मालकाला वाढवून हवी असलेली ताकद ही बहुतेक वेळा हरवलेली ताकद असते. पाच-दहा वर्षांपूर्वी हीच गाडी हाच माल घेऊन हाच चढ चढत होती. मग तेव्हाच्या तुलनेत काय कमी झाले, ते शोधणे हे पहिले काम आहे, आणि त्यासाठी पंपाला हात लावण्याची गरज नसते.

सुरुवात ॲक्सिलरेटरपासून करावी. एका माणसाने केबिनमध्ये बसून पॅडल पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटच्या टेकूला टेकतो का, ते पाहावे. लिंकेज झिजल्यामुळे किंवा पॅडलखाली जाड मॅट घातल्यामुळे लिव्हर पूर्ण उघडतच नाही, असे आश्चर्य वाटावे इतक्या गाड्यांत आढळते. त्यानंतर एअर क्लीनर उघडावा. कच्च्या रस्त्यावरची धूळ आणि रुई यांनी तो किती लवकर भरतो, हे ज्याच्या गाड्या खाणींच्या किंवा जिनिंगच्या कामावर आहेत त्याला ठाऊक असते; कंपनीच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर अशा कामाला लागू पडत नाहीत. टर्बो असेल तर टर्बोपासून इंजिनपर्यंतचे रबरी होज, क्लॅम्प आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर यांवर ऑईलचा ओला डाग दिसतो का, ते पाहावे, कारण तेथूनच हवा निसटत असते. मग डिझेलची बाजू घ्यावी. टाकीतली जाळी, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, फीड पंप, दोन्ही डिझेल फिल्टर आणि परतीचा वॉल्व्ह यांपैकी एक जरी अडला तरी पंपाला पोटभर डिझेल मिळत नाही आणि भार आला की गाडी दबते. झाकणाचे छिद्र बुजले असेल तर गाडी काही अंतर चांगली चालून मग दम सोडते, आणि झाकण सैल केले की पुन्हा चालू लागते. इतक्या सोप्या कारणासाठी पंप उतरवलेल्या गाड्या थोड्या नाहीत.

यानंतर वॉल्व्हच्या टॅपेटचे अंतर, पंपाचे टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची वेळ, आणि सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती दाबली जाते ते, तपासावे. इंजिन गरम असतानाही पांढरा धूर येत असेल तर टायमिंग मागे गेले असण्याची किंवा पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन उतरले आहे आणि जे ऑईल खात आहे, त्याचा पंप वाढवण्याचा विचारही करू नये. त्याला आधी बांधून घ्यावे लागते. क्लच घसरत असेल किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटत असेल तरीही गाडी ओढत नाही, आणि त्याचा दोष इंजिनाला दिला जातो. दिवसभराच्या धावेनंतर चारही बाजूंच्या ड्रमजवळ हात नेऊन एखादा अधिक तापलेला आहे का, हे पाहणे पुरेसे असते. हात टेकवू मात्र नये.

टर्बो असलेल्या गाड्यांत आणखी एक जागा आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. पंपाच्या गव्हर्नरवर, म्हणजे फेऱ्या आवरणाऱ्या भागावर, एक चपटी डबी असते आणि तिला इनटेक मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी येते. डबीत रबरी डायफ्रॅम असतो. टर्बोचा दाब तयार झाला की हा डायफ्रॅम दबतो आणि तेव्हाच पंपाला पूर्ण डिझेल सोडू देतो. दाब नसताना तो डिझेल रोखून धरतो, कारण त्या वेळी सिलिंडरमध्ये हवाही कमी असते. डायफ्रॅम फाटला किंवा नळीला चीर गेली, तर टर्बो पूर्ण हवा देत असूनही पंप रोखलेलाच राहतो आणि गाडी मंद पडते. योग्य उपाय नवा डायफ्रॅम बसवणे हा आहे. त्याऐवजी मुख्य स्क्रू फिरवून डिझेल वाढवले जाते, आणि मग गाडी प्रत्येक गिअरला, प्रत्येक सिग्नलवरून सुटताना काळा लोट सोडते. असा लोट दिसला की आधी ती डबी आणि ती नळी पाहावी.

एवढे सर्व करूनही ताकद कमीच वाटली, तर पंप उतरवून चांगल्या कॅलिब्रेशनच्या दुकानात न्यावा. डिझेल पंपाचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९२७ मध्ये सुरू केले. भारतात ते काम १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीने केले, आणि २००८ मध्ये या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले तरी आपल्याकडचे मिस्त्री अजूनही त्याला मायकोचा पंपच म्हणतात. या पंपातला इलेमेंट, म्हणजे प्लंजर आणि बॅरलची जोडी, इतकी बारीक घासून बसवलेली असते की दोहोंमधली फट दोन ते चार मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही टक्के इतकीच असते. डिझेलमध्ये पाणी, धूळ किंवा रॉकेलची भेसळ आली की ही फट वाढते, दाबलेले डिझेल मागे निसटते आणि पंप कमी देऊ लागतो. अशा झिजलेल्या पंपाचा स्क्रू वाढवला, तर जास्त फेऱ्यांवर माप जुळल्यासारखे दिसते, पण स्टार्टिंग कठीण होते आणि सहा सिलिंडरचे सहा वाटे वेगवेगळेच राहतात. ज्या सिलिंडरला सर्वांत मोठा वाटा मिळतो, त्याचा पिस्टन आधी जातो.

दुकानात पंप टेस्ट बेंचवर चढवून ठरावीक फेऱ्यांना १,००० स्ट्रोकमध्ये प्रत्येक नळीतून किती सीसी डिझेल आले, ते काचेच्या नळ्यांत मोजतात. पंपाच्या बाजूला एक पट्टी असते आणि तिच्यावर पंपाचा क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकाचा टेस्ट प्लॅन, म्हणजे कोणत्या फेऱ्यांना किती डिझेल यावे याचा तक्ता, दुकानदाराकडे आहे का, हे मालकाने स्वतः विचारावे. पट्टी तोडून टाकलेली असेल किंवा पंप दुसऱ्याच गाडीचा असेल, तर ते आधी उघड होणे चांगले. मोजणीच्या वेळी मालकाने समोर उभे राहावे, आणि वाढवण्याआधीचे व नंतरचे असे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागावेत. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. पंपाबरोबर नोझलही न्याव्यात. नोझल टेस्टरवर प्रत्येक नोझल तिच्या ठरलेल्या दाबाला उघडते का, फवारा सर्व छिद्रांतून सारखा येतो का आणि टोकाशी थेंब साचतो का, हे तपासतात. टपकणाऱ्या नोझलवर पंप वाढवणे म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर सरळ डिझेल ओतणे होय.

पंपावर स्क्रू अनेक असतात आणि त्यांची कामे भिन्न असतात. एक आयडलिंगचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते त्या फेऱ्यांचा, एक कमाल फेऱ्यांचा आणि एक पूर्ण भारावरच्या डिझेलचा. ताकदीशी संबंध येतो तो शेवटच्याचा. कमाल फेऱ्यांच्या स्क्रूला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये, कारण त्याने ताकद वाढत नाही. इंजिन मात्र त्याच्या रचनेपेक्षा जोरात फिरू लागते आणि वॉल्व्ह पिस्टनला धडकण्याची वा कनेक्टिंग रॉड तुटण्याची वेळ येते. एकाच फिरत्या भागातून सर्व सिलिंडरना डिझेल वाटणाऱ्या रोटरी पंपावरचा डिझेलचा स्क्रू आत फिरवला की आयडलिंग आणि कमाल फेऱ्या दोन्हीही सरकतात, आणि तो फार आत गेला तर इंजिन ॲक्सिलरेटर सोडल्यावरही खाली येत नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीवर हे प्रयोग करू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो.

किती वाढवावे, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे आहे, की टर्बो नसलेल्या इंजिनात कंपनीच्या तक्त्याच्या वर जाण्यास जागा जवळजवळ नसतेच. कंपनीने पंपाचे माप धुराच्या मर्यादेजवळच ठेवलेले असते आणि आपल्या उन्हाळ्यात तेही काठावर येते. टर्बो आणि इंटरकूलर असलेल्या इंजिनात थोडी जागा असू शकते, कारण एकाच इंजिनाची कंपनी कमी-अधिक ताकदीची अनेक रूपे काढते. पण त्यांत केवळ पंप वेगळा नसतो. टर्बो, नोझल, पिस्टन, रेडिएटर, क्लच यांतही फरक असतो. म्हणून अधिक ताकदीच्या रूपाचा आकडा पाहून आपला पंप थेट तेवढा वाढवणे चुकीचे आहे. सर्व भाग उत्तम स्थितीत असतील, तरीही तक्त्याच्या वर पाच टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये, आणि ती वाढही धूर व तापमान यांनी मान्य केली तरच ठेवावी.

तापमान कळण्यासाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी, पायरोमीटर बसवावा. पंप वाढवण्याच्या कामात याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही. पाण्याच्या तापमानाचा काटा उशिरा हलतो. एक्झॉस्टचा काटा काही सेकंदांत बोलतो. भरलेली गाडी लांब चढावर घेऊन जावी आणि काटा कोठे स्थिरावतो, ते पाहावे. ७०० अंशांच्या वर तो टिकून राहता कामा नये, आणि जुन्या इंजिनाला ६५० च्या आसपास राखलेले बरे. काटा वर चढू लागला की ड्रायव्हरने गिअर खाली टाकून फेऱ्या वाढवाव्यात, म्हणजे प्रत्येक खेपेला कमी डिझेल देऊन तेवढीच ताकद मिळते आणि पाणी व हवाही जास्त फिरतात. ही चाचणी शक्यतो उन्हाळ्यात करावी. थंडीत केली असेल तर मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा करावी आणि काटा अधिक वर जात असेल तर पंप कमी करून घ्यावा. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता तीन-चार मिनिटे आयडलिंगवर ठेवावे, नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑईल करपते.

इंजिनाची ताकद वाढली तरी ब्रेक वाढत नाहीत. क्लच प्लेट, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि क्राउन-पिनियन यांनाही मूळ मापाचाच भार सोसायचा असतो. गाडी आता ओढते म्हणून आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा चार-पाच टन जास्त भरायचे, या हेतूने पंप वाढवला जात असेल, तर ते काम करू नये आणि मिस्त्रीनेही करून देऊ नये. चढ चढलेली गाडी पलीकडे उतरायचीही असते, आणि उतारावर तिच्यासमोर एसटी, दुचाकी, बैलगाडी आणि पायी चालणारी माणसे असतात.

काम करणाऱ्याच्या जिवाचेही पाहिले पाहिजे. ट्रकच्या टायरमध्ये सुमारे आठ बार दाबाची हवा असते. नोझल उघडते तीच २०० बार किंवा त्याहून अधिक दाबाला. एवढ्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फारसे नाही, आणि आत मात्र काही तासांत मांस मरू लागते. म्हणून चालू इंजिनाच्या हाय प्रेशर पाईपची गळती बोटाने कधीही पाहू नये, जाड पुठ्ठा धरून पाहावी, आणि फवारा लागलाच तर मलमपट्टीत वेळ न घालवता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे आणि डिझेल आत शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. दुसरे असे, की पंप बसवून पहिल्यांदा इंजिन सुरू करताना चाकांना ठोकळे लावावेत, स्टॉप लिव्हर हाताशी मोकळा ठेवावा आणि एअर इनटेकचे तोंड बंद करता येईल अशी सपाट फळी घेऊन एका माणसाने उभे राहावे. पंपातली डिझेलचे माप कमी-जास्त करणारी पट्टी, म्हणजे रॅक, अडकून इंजिन बेफाम फिरू लागले आणि स्टॉप लिव्हरही चालला नाही, तर हवा तोडणे हाच उपाय उरतो. हात किंवा फडके इनटेकवर धरू नये. ते आत ओढले जाते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे. पीयूसीच्या वेळी बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीच्या धुराला ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराचा दाटपणा मोजण्याचे एकक) मर्यादा आहे, आणि वाढवलेला पंप ती सहज ओलांडतो. न कळवलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडथळा ठरू शकतो. या सगळ्यापलीकडे मला अधिक महत्त्वाची वाटते ती एक वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला. हा धूर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त श्वासात घेतात ते त्याच गाडीवरचे ड्रायव्हर आणि क्लीनर, आणि रस्त्याला लागून असलेल्या घरांतली मुले.

राहिला प्रश्न नव्या गाड्यांचा. कॉमन रेल, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सर्व नोझलना डिझेल मिळणाऱ्या, इंजिनात पंपाचे काम केवळ दाब तयार करणे एवढेच असते. हा दाब १,६०० बार आणि त्याहून अधिक असतो, आणि डिझेल केव्हा व किती सोडायचे हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. फिरवायला स्क्रूच नसतो. त्याऐवजी सेन्सरच्या वायरमध्ये एक डबी जोडून कॉम्प्युटरला खोटा दाब दाखवला जातो, किंवा त्यातला प्रोग्रॅमच बदलला जातो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आणि धुरातले विषारी वायू कमी करणारी, युरियाच्या द्रावणावर चालणारी एससीआर यंत्रणा असते. डिझेल वाढले की डीपीएफ लवकर भरतो, मग तोच पोकळ करण्याचा सल्ला मिळतो, आणि एका फेरफारासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा करावा लागतो. अशा गाडीची ताकद कमी झाली असेल तर स्कॅनर लावून कोणता कोड येतो ते पाहावे. पुष्कळदा कॉम्प्युटरनेच इंजिन वाचवण्यासाठी ताकद उतरवलेली असते. अशा वेळी डीपीएफ किती भरला आहे, युरियाच्या टाकीत योग्य प्रतीचे द्रावण आहे का, डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचले आहे का आणि टर्बोचा होज सुटला आहे का, या चार गोष्टी तपासून मगच गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यावी, आणि तोपर्यंत तिच्यावर अर्धाच माल भरावा.